गणिताचं प्लगिन नव्या व्हर्जनवर चालतं ठेवायचं कसं? (आमचं मूडलचं आहे, पण बाकीच्यांनीही सांगा)

विश्रामबाग_गणित

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवते. प्रोग्रॅमिंग कामापुरतं येतं, म्हणजे पीएचपी (मूडलची प्रोग्रॅमिंग भाषा) वाचून कळते, लिहायला बसले की वेळ लागतो.

आमच्या डिपार्टमेंटच्या मूडलवर (ऑनलाइन शिकवायचं, चाचण्या घ्यायचं सॉफ्टवेअर) एक प्रश्नप्रकाराचं प्लगिन (वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) आहे, आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने लिहिलेलं. प्रत्येक मुलाला त्याच प्रश्नात आकडे वेगळे येतात, उत्तर देवनागरी अंकांत टाका नाहीतर इंग्रजी, १/२ लिहा नाहीतर ०.५ लिहा, दोन्ही बरोबर धरतं. पहिल्या वर्षाच्या चाचण्या त्याच्यावरच होतात आणि मुलांनाही आवडतं कारण उत्तर लगेच कळतं. लिहिणारा मुलगा आता नोकरीनिमित्त बाहेर आहे. फोन उचलतो बिचारा, पण त्याच्यावर तरी किती भार टाकायचा.

तर अडचण अशी की आमचं मूडल अजून ३.९ आहे आणि खाली पीएचपी ७.४. होस्टिंगवाले म्हणतात ७.४ काढून टाकणार. ३.९ पीएचपी ८ वर चालत नाही, म्हणजे मूडल वर न्यावं लागणार, आणि मूडल वर नेलं की प्लगिनचं काय होईल ते सांगता येत नाही. यावेळचं मी कुणाकडून तरी करून घेईनच. पण मूडलची वर्षाला दोन मोठी व्हर्जन येतात, पीएचपीचं दरवर्षी एक येतं, मग दरवेळी ही धावपळ करायची का? लहानसं प्लगिन, सांभाळायला पगारी माणूस नाही, अशा वेळी तुम्ही लोक काय पद्धत ठेवता?

भडंग_भोक्ता

त्या पोराला भडंगाचं पार्सल पाठवा मॅडम. दोन किलोत एक व्हर्जन निघतंय.

वाईकर

मी सरळ सांगतो, अपडेट करू नका. चालतंय ना? मग हात लावायचा नाही. जुना संगणक घ्या, त्यावर जुनी लिनक्स, जुनी पीएचपी, जुनं मूडल टाका, डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवा आणि विसरून जा. गणित काय बदलणार आहे का? डिफरन्शिएशन न्यूटनच्या वेळेला होतं तेच आहे. हे व्हर्जन काढणाऱ्या लोकांना उद्योग नाहीत म्हणून आपण पळायचं हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ

@वाईकर, तुमचं म्हणणं लॅबच्या चार भिंतीत ठीक आहे, बाहेरून लाइन येत नसेल तर खुशाल ठेवा. पण मॅडमची मुलं घरून परीक्षा देत असणार, म्हणजे सर्व्हर इंटरनेटवर उघडा, त्यात मुलांची नावं, मार्क, मोबाइल नंबर. पीएचपी ७.४ चा सिक्युरिटी सपोर्ट नोव्हेंबर २०२२ ला संपला. असली मशीन उघड्यावर ठेवायची म्हणजे मार्क बदलायला आमंत्रणच.

मी सर्व्हर सांभाळतो त्यामुळे माझा अनुभव त्या बाजूचा आहे. सांगलीकरांना समजेल असं सांगतो. आयर्विन पुलाला कृष्णेच्या पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. प्रोग्रॅममध्ये 'डेप्रिकेटेड' (पुढं काढून टाकणार) म्हणून वॉर्निंग येते ती ४० फूट समजा. ४० ला गावभागातली माणसं सामान माळ्यावर टाकायला घेतात, ४५ ची वाट बघत बसत नाहीत. पीएचपीत स्ट्रिंगमधलं एखादं अक्षर महिरपी कंसात नंबर लिहून काढायची पद्धत होती, ७.४ मध्ये त्याला वॉर्निंग आली आणि ८.० मध्ये ती फाईल उघडायचीच बंद झाली. 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' या दोन गोष्टी ७.२ पासून वॉर्निंग देत होत्या, ८.० ला गेल्या. म्हणजे इशारा मिळतो, वर्ष दोन वर्षं आधी मिळतो. पण चालू सर्व्हरवर वॉर्निंग दाखवणं बंद ठेवलेलं असतं (ठेवायलाच पाहिजे), त्यामुळे कुणी वाचत नाही. मूडलची एक कॉपी वेगळी ठेवा, तिच्यात डीबगिंग 'डेव्हलपर' वर ठेवा आणि महिन्यातून एकदा प्लगिनची सगळी पानं क्लिक करून बघा. एवढ्यात निम्मं काम झालं.

भडंग_भोक्ता

२०१९ ला ५७ फुटाच्या वर गेलं होतं, ते पीएचपी कितवं म्हणायचं?

कृष्णाकाठ

ते पीएचपी नाही, ते थेट बॅकअपमधून रिस्टोअर :)

एमएच११

साताऱ्याहून नमस्कार. इकडं पूर नसतो, आम्ही गडावर असतो.

मॅडम, आधी यावेळची वाट सांगतो कारण ती नीट ठरवली नाही तर पुढचं सगळं बिघडतं. ३.९ वरून ४.५ ला थेट जाता येत नाही, ४.५ ला निदान ४.१.२ तरी आधी लागतं. आणि हे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण ४.१ हे व्हर्जन पीएचपी ७.४ वर पण चालतं आणि ८.० नि ८.१ वर पण. म्हणजे कॉपीवर आधी मूडल ४.१ करा, पीएचपी ७.४ च ठेवा. जे मोडेल ते मूडलमुळे मोडलं हे नक्की. ते दुरुस्त झालं की मूडलला हात न लावता पीएचपी ८.१ करा, आता जे मोडेल ते पीएचपीमुळे. मग ४.५, त्याला ८.१ ते ८.३ चालते. ४.५ लाँग टर्मवालं (जास्त काळ सपोर्ट मिळणारं) आहे, सिक्युरिटी सपोर्ट ऑक्टोबर २०२७ पर्यंत, म्हणजे तिथं निवांत बसता येईल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुणामुळे बिघडलं हेच कळत नाही, आणि रात्री दीडला माणूस उगाच स्वतःला शिव्या घालत बसतो.

वर्षाला दोन व्हर्जनच्या मागं धावायची गरजच नाही. लाँग टर्म ते लाँग टर्म उडी मारायची. ३.९, ४.१, ४.५ ही तिन्ही तसलीच होती.

जुना_फोरट्रान

मी निवृत्त आहे, साताऱ्यात असतो, मूडल वगैरे मला ठाऊक नाही पण प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्या काळी फोरट्रान ७७ मध्ये लिहिलेली समीकरणं सोडवणारी सबरूटिन्स आजच्या जीफोरट्रान कंपायलरवर जवळपास जशीच्या तशी कंपाइल होतात. लापॅक (मॅट्रिक्सच्या गणिताच्या सबरूटिन्सचा संच) १९९२ सालचं, त्याच्या पोटात बीएलएएस त्याहून जुनं, १९७९ चं, आणि आजची तुमची पायथन नि मॅटलॅब मॅट्रिक्सचं काम आतून त्याच घराण्याकडं सोपवतात. हे का टिकलं? त्या सबरूटिनला बाहेरचं काहीच माहीत नाही. पडदा कुठला, डेटाबेस कुठला, माणूस कोण, काही नाही. आकडे आत, आकडे बाहेर.

मॅडम, तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या कोडमध्ये उत्तर तपासणारा भाग आणि मूडलशी बोलणारा भाग एकमेकांत गुंतलेला असणार, तरुण मुलं तसंच लिहितात. ते वेगळं करा. अपूर्णांक ओळखणं, देवनागरी अंक बदलणं, दोन संख्या सारख्या आहेत का हे बघणं, हे एका फाईलीत, आणि त्या फाईलीत मूडलचा 'म' सुद्धा येता कामा नये. मग दरवेळी बदलावा लागेल तो वरचा पातळ थर.

माहुली_संगम

काकांना जोरदार अनुमोदन. मी पुण्यात मूडलचंच काम करतो, मूळ सातारचा. प्लगिन कुठं मोडतं हे सांगायचं तर ४.० मध्ये प्रश्नपेढीची अख्खी रचना बदलली, प्रश्नांना व्हर्जन आलं. आधी प्रश्नाच्या टेबलातच कॅटेगरीचा कॉलम होता, तो तिथून उठून दुसऱ्या टेबलात गेला. ज्यांनी मूडलची फंक्शन वापरली त्यांचं थोडक्यात निभावलं, ज्यांनी थेट एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लिहून कॅटेगरी ओढली त्यांचे रिपोर्ट बंद पडले. मॅडम, 'सिलेक्ट' शब्द शोधा प्लगिनच्या फोल्डरमध्ये, कुठं कुठं सापडतो बघा, तिथं हमखास काम निघेल.

पण मला खरी भीती वेगळी आहे आणि ती वर कुणीच म्हटली नाही. कृष्णाकाठ भाऊ म्हणाले इशारा मिळतो. मिळतो, पण सगळ्याचा नाही. पीएचपी ७ मध्ये शून्य हा आकडा आणि रिकामी स्ट्रिंग यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर 'खरं' यायचं. पीएचपी ८ मध्ये 'खोटं' येतं. आता विचार करा, प्रश्नाचं बरोबर उत्तर शून्य आहे, प्लगिनने ते आकडा म्हणून काढलं, मुलाने चौकट रिकामी सोडली. जुन्या पीएचपीवर त्याला पूर्ण मार्क! नव्यावर शून्य मार्क. स्क्रीनवर काही येत नाही, सगळं हिरवंगार. पांढरी स्क्रीन आली तर मी खूश असतो, निदान कळतं तरी. मार्क गुपचूप बदलले तर कोण सांगणार?

विश्रामबाग_गणित

अरे बापरे. आमच्याकडे लिमिटचे कितीतरी प्रश्न आहेत ज्यांचं उत्तर शून्य येतं. बघते.

भडंग_भोक्ता

म्हणजे काहीच न लिहिता पास व्हायची सोय होती आणि आम्हाला कुणी सांगितलं न्हाई.

मिरज_जंक्शन

माझं मूडल नाही, एक्सेल आहे. सर्व्हेचं ट्रॅव्हर्स अ‍ॅडजस्ट करायचं, क्षेत्रफळ काढायचं असं अ‍ॅड-इन आहे आमच्या ऑफिसात, व्हीबीए (ऑफिसची मॅक्रोची भाषा) मध्ये लिहिलेलं, कुणी लिहिलं ते आता कुणालाच माहीत नाही. ऑफिस ६४ बिटचं आलं तेव्हा पहिल्या ओळीलाच लाल. विंडोजची फंक्शन बोलावणाऱ्या ज्या डिक्लेअरच्या ओळी असतात त्यात 'पीटीआरसेफ' शब्द लागतो आणि पॉइंटर असेल तिथं 'लाँग' च्या जागी 'लाँगपीटीआर'. ही सोय ऑफिस २०१० पासून होती पण ऑफिसात सगळीकडं ३२ बिटच होतं म्हणून कुणाला गरज पडली नाही. 'इफ व्हीबीए७' अशी अट घालून दोन्ही प्रकार एकाच फाईलीत ठेवले, आता जुन्या नव्या दोन्हीवर चालतं. मग २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींचे मॅक्रो आपोआप बंद करायला सुरुवात केली, तर मेलवर पाठवलेलं अ‍ॅड-इन कुणाचंच चालेना. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करायचं हे प्रत्येक टेबलावर जाऊन शिकवलं.

आणि @माहुली_संगम तुमच्या गुपचूप प्रकारात माझी भर. व्हीबीएचं 'राउंड' २.५ ला २ करतं आणि शीटमधलं 'राउंड' ३ करतं. हे व्हर्जनमुळे नाही, आधीपासून तसंच आहे, पण कुणीतरी 'सुधारणा' म्हणून गणित शीटमधून मॅक्रोत हलवलं की क्षेत्रफळात फरक, आणि जमिनीच्या क्षेत्रफळात फरक म्हणजे भावाभावात वाद.

कास_पठार

राउंड! पायथनवाल्यांनी हे पुरेपूर भोगलंय. पायथन २ मध्ये २.५ चा राउंड ३ यायचा, पायथन ३ मध्ये २ येतो, बरोबर मधला आला की सम संख्येकडं जातो. आणि ५ भागिले २ पायथन २ मध्ये २, पायथन ३ मध्ये २.५. दोन्हीकडे प्रोग्रॅम चालतो, एरर नाही. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि त्याच महिन्यात सेज (गणिताचं सॉफ्टवेअर) ९.० आलं, पायथन ३ वर. तेव्हा जुन्या वर्कशीट उघडून आकडे ताडून बघायचं काम आमच्या गळ्यात आलं होतं.

नम्पायचं (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) उदाहरण मात्र कृष्णाकाठच्या बाजूनं जातं. 'एनपी डॉट फ्लोट' ला १.२० मध्ये वॉर्निंग आली, जानेवारी २०२१. काढून टाकलं १.२४ ला, डिसेंबर २०२२. जवळजवळ दोन वर्षं ओरडत होतं. तरी डिसेंबरनंतर अर्ध्या जगाचे प्रोजेक्ट पडले कारण वॉर्निंग कोण वाचतं. मग जून २०२४ ला नम्पाय २.० आलं, त्यात संख्या छापायची पद्धत बदलली, कन्सोलवर नुसतं ३.० यायचं तिथं आता 'एनपी डॉट फ्लोट६४' आणि कंसात ३.० येतं. ज्यांनी छापलेला मजकूर जशास तसा ताडून चाचण्या लिहिल्या होत्या त्यांच्या चाचण्या पडल्या, गणित मात्र बरोबर होतं. म्हणून उत्तर तपासताना आकड्याशी आकडा ताडा, छापलेल्या अक्षरांशी नको.

वाईकर

बघा, सगळे मिळून माझंच म्हणणं सिद्ध करताय. अपडेट केलं नसतं तर राउंड बदलला असता का?

कास_पठार

@वाईकर काका, तुमचा मोबाइल कुठला आहे?

वाईकर

बटणाचा. अभिमान आहे.

अजिंक्यतारा

लगा वाईकरांशी कोण जिंकणार :)

मॅटलॅबचा किस्सा. आमच्या लॅबमध्ये मुलांसाठी एक टूलबॉक्स होता, मुलाने आडवा व्हेक्टर देण्याऐवजी उभा दिला तर बेरजेत एरर यायचा, तो एरर पकडून आम्ही 'इनपुट तपासा' असा मेसेज द्यायचो. आर२०१६बी आलं आणि त्यात आडवा अधिक उभा हे चालायला लागलं, उत्तर म्हणून अख्खी मॅट्रिक्स मिळते. एरर येणंच बंद. पोरं पाच बाय पाचची मॅट्रिक्स जर्नलमध्ये लिहून आणायची आणि म्हणायची सर सॉफ्टवेअरने दिलीय. ऑक्टेव्हमध्ये (मॅटलॅबसारखंच मोफत सॉफ्टवेअर) ही सोय २०१२ लाच ३.६ मध्ये आली होती, म्हणजे तोच टूलबॉक्स दोन्हीकडं वेगळा वागत होता आणि आम्हाला वाटायचं ऑक्टेव्हच चुकतंय. तेव्हापासून नियम केला, इनपुटचा आकार आपण स्वतः तपासायचा, दुसऱ्याच्या एररच्या भरवशावर बसायचं नाही.

भडंग_भोक्ता

'सर सॉफ्टवेअरने दिलीय' हे वाक्य डिपार्टमेंटच्या दारावर लिहा.

एमएच११

थोडं अवांतर, पण एकच माणूस असा आहे की ज्याने आपल्या सॉफ्टवेअरपुरता हा प्रश्नच संपवला. डोनाल्ड क्नुथ. टेक (गणिताचा मजकूर छपाईसाठी मांडणारा त्याचा प्रोग्रॅम) मध्ये नवीन काही घालायचं नाही असं ठरवून टाकलं, फक्त दोष दुरुस्त करायचे, आणि दर दुरुस्तीला व्हर्जन नंबर पायच्या एकेक अंकाने पुढं सरकतो. २०२१ ला ३.१४१५९२६५३ झालं. त्याच्या पश्चात नंबर पाय हाच राहणार आणि जे दोष उरतील ते दोष नव्हेत, वैशिष्ट्यं समजायची.

वाईकर

हा माणूस मला भेटवा.

जुना_फोरट्रान

आणि उलटं उदाहरण मॅक्सिमाचं. एमआयटीत १९६८ ला 'मॅकसिमा' सुरू झालं, बीजगणित करणारं मॅक्सिमा त्यातूनच निघालं (इंग्रजीत 'वाय' असलेलं, मराठीत लिहिताना पंचाईत). त्याची एक प्रत विल्यम शेल्टर नावाचे टेक्सासमधले गणिताचे प्राध्यापक १९८२ पासून एकटे सांभाळत होते. १९९८ ला त्यांनी जीपीएलखाली (कुणालाही वापरता, बदलता येईल असा परवाना) द्यायची परवानगी मिळवली, आणि २००१ ला ते गेले. ती परवानगी मिळवली नसती तर काम त्यांच्याबरोबरच थांबलं असतं. परवाना होता म्हणून इतरांना उचलता आलं आणि आजही नवीन लिस्पवर (मॅक्सिमा ज्या भाषेत लिहिलंय ती) चालतं ठेवलंय. मॅडम, तुमच्या प्लगिनला परवाना काय आहे? विद्यार्थ्याच्या खाजगी खात्यावर पडलं असेल तर आधी त्याच्याकडून जीपीएलचं आणि कोड डिपार्टमेंटच्या खात्यावर घेण्याचं करून घ्या. हे काम फोनवर दहा मिनिटांचं आहे, आणि त्याला वेळ नाही म्हणता तर एवढंच मागा.

माहुली_संगम

काकांनी मॅक्सिमाचा विषय काढला म्हणून विचारतो. मॅडम, स्वतःचं प्लगिन कशाला, स्टॅक का नाही? मूडलसाठीच आहे, ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेलं, मागं मॅक्सिमा चालतं, बीजगणिताची उत्तरं खरोखर बीजगणित म्हणून तपासतं, आणि नव्या मूडलशी जुळवून घ्यायला अख्खी टीम आहे. तुमचं ओझं जाईल.

कृष्णाकाठ

असहमत. म्हणजे स्टॅक उत्तम आहे, पण त्याला सर्व्हरवर मॅक्सिमा लागतं आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते टाकू देत नाहीत. शिवाय त्याच्याबरोबर आणखी दोन-तीन वर्तनाची प्लगिन टाकावी लागतात. म्हणजे आधी मूडल नि पीएचपी हे दोन जुळवायचे होते, आता मॅक्सिमाचं व्हर्जन आणि ते कुठल्या लिस्पवर बांधलंय हेही. मॅडमचे प्रश्न जर बहुतेक आकडी उत्तरांचे असतील तर एवढा संसार मांडायची गरज नाही.

माहुली_संगम

बरं, मान्य. पण स्टॅकची एक गोष्ट उचलाच. त्यात प्रत्येक प्रश्नाबरोबर चाचण्या लिहून ठेवता येतात, म्हणजे हे उत्तर दिलं तर एवढे मार्क यायला पाहिजेत. अपडेटनंतर सगळ्या प्रश्नांच्या चाचण्या एकदम चालवायची सोय आहे. हे तुमच्या प्लगिनला बाहेरून जोडता येईल. एक साधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली) फाईल, एका ओळीत बरोबर उत्तर, मुलाने टाकलेलं, आणि मिळायला हवेत ते मार्क. काका म्हणाले तसा तपासणारा भाग वेगळा काढला असेल तर मूडल न चालवता फाईल काही सेकंदात पार होते. कोड कुणीही लिहो, विद्यार्थी लिहो नाहीतर एआय लिहो, फाईल मॅडमनेच बनवायची, कारण कुठलं उत्तर बरोबर धरायचं हे शिकवणाऱ्याला कळतं, प्रोग्रॅमरला नाही. उद्या प्लगिन अख्खं टाकून नवं लिहिलं तरी ही फाईल तशीच कामाला येते.

विश्रामबाग_गणित

हे मला जमण्यासारखं वाटतंय. फाईलमध्ये काय काय घालू? आमची मुलं कल्पनेपलीकडचं टाकतात.

कास_पठार

रिकामं. नुसती स्पेस. शून्य, ०.०, उणे शून्य. १/२, २/४, .५ (पुढे शून्य न देता). देवनागरी नि इंग्रजी अंक एकाच उत्तरात मिसळलेले, फोनच्या कीबोर्डवर हे सर्रास होतं. पायथनला '१२' दिलं तर तो त्याचा १२ करतो बरं का, देवनागरी असलं तरी. पीएचपी मात्र फ्लोट करताना त्याचा शून्य करते. म्हणजे अंक बदलायचं काम एखाद्या अपडेटमध्ये निसटलं तर देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर शून्य धरलं जाईल, तेही एरर न देता.

मिरज_जंक्शन

१,००,००० घाला. स्वल्पविरामासकट. अंक इंग्रजी असले तरी पीएचपी त्याचा फ्लोट करताना पहिल्या स्वल्पविरामाला थांबते, उत्तर १.

एमएच११

आणि महिरपी कंसाचा मुद्दा वर आला होता, तो दुरुस्त करताना एक सांभाळा. चौकोनी कंस घातला की फाईल उघडेल, पण दोन्ही कंस बाइट मोजतात, अक्षर नाही. देवनागरी अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो. मुलाने हे लिहिताना काय केलंय बघा, 'एमबी' ने सुरू होणारी फंक्शन वापरली असतील तर प्रश्न नाही.

विश्रामबाग_गणित

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. विद्यार्थ्याशी बोलले, जीपीएल ३ लावलं, कोड डिपार्टमेंटच्या खात्यावर आला. (भडंग पाठवलं, तिकडं पोचलं.) कॉपीवर ४.१ केलं, पीएचपी तशीच. फक्त मार्कांचा रिपोर्ट पडला, आत थेट एसक्यूएल होतं, तेच कॅटेगरीचं. ते त्याने एका संध्याकाळी बदलून दिलं. मग तपासणारा भाग वेगळ्या फाईलीत काढला आणि दोन्ही पीएचपीवर माझी सीएसव्ही पळवली. ८.१ वर महिरपी कंस निघाले, ते सोपे होते. मार्क बदलले ते फक्त रिकाम्या उत्तराच्या ओळींवर, आणि तेवढ्याच, जिथं बरोबर उत्तर शून्य. माहुली_संगम यांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

आता डिपार्टमेंटमध्ये चर्चा चालू आहे की मागच्या चाचण्यांत रिकामं सोडून ज्यांना मार्क मिळाले त्यांचं काय करायचं.

वाईकर

काही करू नका. दिलेले मार्क परत घेत नाहीत.

अजिंक्यतारा

यावेळी वाईकरांशी सहमत. तारीख टाकून टीप ठेवा की अमुक दिवसापासून तपासणीचा नियम बदलला, बस.

भडंग_भोक्ता

धाग्याची तारीख नोंदवून ठेवा, वाईकरांशी कुणीतरी सहमत झालं.

माहुली_संगम

मॅडम, छान झालं. आता दोन गोष्टी राहिल्या. गिटहबवर मूडल प्लगिनसाठी तयार सीआय आहे, त्याला कुठली मूडल आणि कुठली पीएचपी हे सांगितलं की सगळ्या जोड्यांवर आपोआप चालवून बघतं, महिन्याला एकदा लावून ठेवा. तुमची सीएसव्ही त्यातच पळवा. आणि व्हर्जन फाईलमध्ये 'रिक्वायर्स' ने खालची हद्द लिहितात, तशी 'इनकम्पॅटिबल' ने वरची लिहिता येते, तिथून पुढच्या मूडलवर प्लगिन बसतच नाही. ४.५ वर पळवून झालं की ती हद्द ५.० ठेवा. ५.१ मध्ये मूडलचा कोड 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये हलवलाय, तुमच्या प्लगिनमध्ये पाथ हाताने लिहिलेले असतील तर तेव्हा परत बघावं लागेल. आज नाही.

विश्रामबाग_गणित

होस्टिंगवाल्यांची मुदत संपायच्या आत ४.५ वर जाऊ असं वाटतंय, दिवाळीच्या सुट्टीत करणार. सीएसव्ही नावं वगैरे काहीही नसलेली आहे, हवी असेल त्यांनी सांगा, देते. एक शंका राहिलीय, उत्तर १.५ असताना मुलाने 'दीड' असं लिहिलंय, तेही तिघांनी. धरायचं का?

जुना_फोरट्रान

धरा.

कास_पठार

काका, मग अडीच, पावणेदोन, सव्वा पण धरावं लागेल. फाईल मला पाठवा मॅडम, त्या ओळी मी घालते.